मोर्बिदो म्हटल्याशिवाय गाडी सुटत नसे

उन्हाळ्यात सकाळी सातच्या सुमाराला मला अजूनही स्वस्थ बसवत नाही. लंडनजवळच्या पिनरमधल्या घरातून आता मला कुठे पोचायचं नसतं, कुणी माझी वाट पाहत नसतं. तरी चहाचा मग हातात घेऊन मी मागच्या दाराशी जातो, बागेत डोकावतो, परत येतो, पुन्हा जातो. बायको वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणते, "अहो, बसा की जरा. गाड्या केव्हाच गेल्या."

गाड्या म्हणजे आइस्क्रीमच्या गाड्या. स्लाऊमधल्या एका लहानशा इटालियन कारखान्यात मी केमिस्ट होतो. सकाळी भरलेल्या गाड्या आवारात रांगेने उभ्या राहत, इंजिनं सुरू असत, आणि एका बाईंनी एक शब्द उच्चारल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. तो शब्द होता 'मोर्बिदो'. त्याचा पुरता अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. कळला तेव्हा त्या बाईंची तिथली जागा जायची वेळ आली होती, आणि ती राहावी की जावी हे माझ्या एका उत्तरावर येऊन ठेपलं होतं.

मी तासगावचा. वडील शिंपीकाम करत. आमच्या घरात पहिला पदवीधर मीच. पदवी कसली, मॅट्रिक झालेलाही पहिला मीच. साठीच्या दशकाच्या मध्यावर तिकडे नोकरी करायला परवानगी देणारं सरकारी व्हाउचर मिळालं आणि मी इंग्लंडला आलो. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांची दारं मी झिजवली. सगळीकडे प्रश्न एकच, इथला अनुभव किती. शेवटी एका पंजाबी घरमालकाने सांगितलं, पुलापलीकडे एक इटालियन म्हातारा आइस्क्रीम करतो, त्याला दूध तपासणारा माणूस हवा आहे.

म्हातारा म्हणजे आल्दोसाहेब. त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरून पाहिलं. इटलीत कुठल्याही पदवीधराला 'दोत्तोरे' म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी दंडाला धरून मला आवारात नेलं आणि बायकोला हाक मारली, "अस्सुन्ता, बाहेर ये! आपल्याकडे दोत्तोरे आला!" सिन्योरा अस्सुन्ता एप्रनला हात पुसत आल्या आणि गावच्या मामलेदाराशी बोलावं तशा अदबीने माझ्याशी बोलल्या. त्या दिवशी मी बस न पकडता खोलीवर चालत गेलो. पाय जमिनीला लागत नव्हते. त्या घराचे उपकार मी आजही विसरलेलो नाही, आणि पुढे जे झालं त्यात माझी घालमेल झाली तीही त्यामुळेच.

आइस्क्रीम कसं होतं ते थोडक्यात सांगतो. दूध, साय, साखर आणि अंडी एकत्र तापवायची, जंतू मारायचे, मग ते झटक्यात थंड करून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी ते घुसळत घुसळत गोठवायचं. गोठताना पाण्याचे बर्फकण होतात. घुसळणं जलद आणि थंडी कडक असली की कण इतके बारीक राहतात की जिभेला लागत नाहीत. थोडी ढिलाई झाली की ते वाढतात आणि दाताखाली किरकिर येते. दुसरी गोष्ट हवा. घुसळताना आत हवा जाते. ती नसेल तर दगड, फार झाली तर नुसता फेस. हवा फुकट मिळते, म्हणून पुष्कळ कारखाने ती सढळ हाताने घालत. माझं काम मोजमापाचं होतं. तापमान पाहायचं, साय किती ते काढायचं, नमुन्यात निळा रंग घालून तो किती लवकर फिका पडतो ते बघायचं. लवकर फिका पडला तर जंतू जास्त. चाखणं हे घरच्यांचं काम. त्यात मी कधी पडलो नाही.

सकाळची पहिली बॅच निघाली की सिन्योरा स्वयंपाकघरातली एक साधी खुर्ची आवारात आणून बसत. आधी पावाचा कोरडा तुकडा चघळत. मग चपटा लाकडी चमचा तोंडात घालून जीभ टाळूला दाबत आणि डोळे मिटत. ड्रायव्हर सिगारेटी विझवत. मग त्या म्हणत, "मोर्बिदो," आणि गाड्या हलत.

इंग्रजीत याच्या अगदी जवळचा शब्द रोगट अशा अर्थाचा आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मी चांगलाच दचकलो. रॉन नावाचा थोराड ड्रायव्हर माझ्याकडे पाहून हसला. "सॉफ्ट, प्रोफेसर, सॉफ्ट. म्हणजे बाईसाहेब खूश आहेत."

मऊ एवढ्या अर्थावर मी वर्षभर काढलं. मग लक्षात यायला लागलं की आपल्या 'मऊ'ने भागत नाही. सिन्योरांनी विणलेली लोकर मोर्बिदो असे. पावाच्या कवचाखालचा गर मोर्बिदो. कारखान्यामागे त्यांनी टोमॅटोचा वाफा केला होता, त्याची मातीही तशीच; फक्त तिथे आपल्या चांगला-चांगलीसारखा शेवट बदलून मोर्बिदा. ऑक्टोबरमधलं दुपारचं तिरपं ऊन पाहूनही त्या हाच शब्द बोलत. आपण कापसाला मुलायम म्हणू, मातीला भुसभुशीत, पालवीला लुसलुशीत. त्या सगळ्याला त्यांचा एकच शब्द. पण जास्त पिकलेलं केळं मी एकदा मोर्बिदो म्हणून दाखवलं, तर नाक मुरडून म्हणाल्या, "ते मोल्ले!" म्हणजे लिबलिबीत. आपला भात गिचका होतो, तसं. आणि हवेने फुगलेल्या इंग्रजी पावाला त्या 'गोंफ्यो' म्हणत. तो बोटाने दाबला की बसायचा तो उठायचाच नाही. मोर्बिदो म्हणजे दाबलं तर दबणारं, पण आपला आकार न सोडणारं. एकदा मी भाबडेपणाने म्हणालो, आल्दोसाहेबांचा स्वभाव मोर्बिदो आहे. सिन्योरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "दोत्तोरे, नवऱ्याला काय अंगठ्याने दाबून बघतात?"

आल्दोसाहेब चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात गेले. कारभार मुलाकडे आला. नाव पिएत्रो, पण शाळेपासून सगळ्यांचा पीटर. माणूस वाईट नव्हता. सुपरमार्केटात मोठमोठ्या कंपन्यांचे डबे येऊ लागले होते आणि त्याची झोप उडाली होती. आईच्या खुर्चीपायी सकाळचा वेळ जातो, याचा त्याला त्रास होई. तरी तो गप्प राहिला, ते शहात्तर सालापर्यंत.

त्या वर्षी वसंतात सिन्योरांना जबर फ्लू झाला. महिन्याभराने त्या पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या. एके दिवशी चमचा तोंडात घालून नेहमीसारखं "मोर्बिदो" म्हणाल्या, गाड्या गेल्या, आणि दुपारी विंडसरच्या एका चहाच्या दुकानाने सगळे डबे परत पाठवले. मी एक उघडून चाखलं. दूध तळाला लागल्याचा वास माझ्यासारख्यालाही येत होता.

पीटरने मला ऑफिसात बोलावून दार लावलं.

"ममाला चव कळते का?"

"विचारावं लागेल."

"विचारलं तर ती हो म्हणणार. म्हणून तर तुला विचारतोय. तू शिकलेला आहेस, ती तुझं ऐकेल. तू नाही म्हण, मी उद्या खुर्ची आत नेतो."

"त्यांना काय वाटेल?"

"मला काय वाटतंय ते कुणी विचारत नाही," तो म्हणाला. मग जरा वरमला. "हे बघ, जूनअखेरपर्यंत सांग."

तिथून माझी शांतता संपली. सिन्योरांकडे मी नीट पाहू लागलो आणि दिसू नये ते दिसू लागलं. कॉफीवर त्या साखर घालायला विसरत आणि तशीच पीत. तुळशीसारखा त्यांचा बेझिल असतो, त्याची पानं चुरगाळून नाकाशी नेत आणि हात खाली सोडत. खरं सांगितलं तर त्यांची खुर्ची जाणार. खोटं सांगितलं तर पुन्हा जळकं दूध बाहेर जाणार. मी काहीच सांगितलं नाही. त्याऐवजी तासभर लवकर जाऊ लागलो. बॅच निघाली की आधी मी चाखे, किरकिरीत किंवा वासाची असली की गुपचूप बाजूला सारे, आणि चांगल्यातलाच चमचा सिन्योरांपुढे जाई.

बायकोला सांगितलं तर ती पोळी लाटायची थांबली. "वरणात मीठ नाही हे दोन वाट्या संपल्यावरसुद्धा तुम्हाला कळत नाही, आणि तुम्ही अख्ख्या बर्कशायरचं आइस्क्रीम पास करणार?" नंतर मात्र गंभीरपणे म्हणाली, "त्या बाईंना न सांगता करताय हे. मला नाही बरोबर वाटत."

मलाही वाटत नव्हतं. पण मोठ्या माणसाला तोंडावर उणं सांगायचं नाही, त्याला न दुखावता आपण सांभाळून घ्यायचं, हे आमच्या घरात न शिकवता शिकवलं गेलं होतं. शीतगृह ते आवार अशा माझ्या नुसत्या फेऱ्या चालत. कामगार विचारत, प्रोफेसर, काही हरवलंय का?

उन्हाळा तापला. तो शहात्तरचा उन्हाळा, इथे तेव्हा असलेला कुणीही विसरणार नाही. पाऊस नाही, गवत पिवळं, बागेला नळीने पाणी घालायला बंदी. सिन्योरा भांडी विसळलेलं पाणी बादलीने टोमॅटोला घालत. एका दुपारी त्यांनी मला वाफ्यापाशी बोलावलं.

"दोत्तोरे, कितीक दिवसांत मी एकदाही मोल्ले म्हटलं नाही. दगड झालाय असं म्हटलं नाही. आपली माणसं संत झाली की काय?"

"उन्हाळा चांगला चाललाय, सिन्योरा."

"उन्हाळ्यातच तर बिघडतं! मला काय खुळी समजतोस?"

मी सगळं सांगून टाकलं. पीटर काय म्हणाला तेही. त्यांनी बादली इतक्या जोरात टेकवली की निम्मं पाणी वाफ्याबाहेर गेलं.

"मला येऊन का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वडीलधाऱ्या. आमच्याकडे मोठ्यांना असं तोंडावर..."

"तुमच्याकडे मोठ्यांना आजाऱ्यासारखं भरवतात होय? आमच्याकडे ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावर ओरडतात. पीटर ओरडतो. तू ओरडला नाहीस. तू मला खुर्चीतून उठवलंस, आणि खुर्ची तेवढी जागेवर ठेवलीस!"

त्या वाफ्याच्या कडेला बसल्या. थोड्या वेळाने आवाज खाली आला. "फ्लू गेला तो माझं नाक घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी झालंय. मला काय कळत नाही?"

"मग तुम्ही रोज..."

"रोज मी काय म्हणते?"

"मोर्बिदो."

"चविष्ट आहे असं कधी म्हटलं?" त्यांनी माझा हात धरला आणि अंगठा ओल्या मातीत दाबला. "सांग, चव कशी आहे हिची?"

"चव कशी सांगणार?"

"पण मोर्बिदा आहे की नाही?"

"आहे."

"मग! माझी जीभ मेलेली नाही, दोत्तोरे. नाक मेलंय. चव आल्दो बघायचा."

तेव्हा मला आठवलं. आल्दोसाहेब त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून एक चमचा खात आणि मिशीतल्या मिशीत 'बुओनो' म्हणत. चांगलं. आम्हाला सगळ्यांना वाटे, नवरा बायकोच्या हो ला हो मिळवतोय. ते गेल्यावर तो दुसरा शब्द म्हणायला कुणी उरलं नाही, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. खुद्द सिन्योरांच्याही नाही. नाक शाबूत असेपर्यंत त्या दोन्ही कामं नकळत करत होत्या.

मी तसाच पीटरकडे गेलो. म्हणालो, तुझ्या आईला चव कळत नाही. आणि त्या ज्यासाठी बसतात, त्याला चव लागत नाही. बर्फाचा कण किती, हवा किती, हे त्यांच्या जिभेला कळतं. माझ्या उपकरणांना कळतं त्याच्या आधी कळतं.

"सिद्ध कर," पीटर म्हणाला. "तीन वाट्या ठेवू. एक वितळून पुन्हा गोठवलेली."

सिन्योरा दारात येऊन उभ्या होत्या. "पोटच्या पोराने माझी परीक्षा घ्यायची? तुझे लंगोट मी बदललेत!" पुढचं सगळं इटालियनमध्ये झालं. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जातात असं वाटून मी मध्ये पडणार होतो, तेवढ्यात पीटर हसू लागला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ठीक. परीक्षा राहू दे. ती तिचं म्हणेल. बाबांचं तू म्हण. पण गाडी अडवलीस, तर तुझी माझ्याशी गाठ आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी त्या खुर्चीमागे उभा राहू लागलो. पहिले काही दिवस सोपे गेले. माल चांगला होता, मी बुओनो म्हणे, ड्रायव्हर टाळ्या वाजवून माझी थट्टा करत. तरी चमचा तोंडात जाताना मला माझ्या आकड्यांची आठवण येई. आकडा असला की माणसाला त्याच्या आड उभं राहता येतं. इथे आड काही नव्हतं.

मग जुलैच्या सुरुवातीचा तो शनिवार आला. सकाळीच डांबर मऊ पडलं होतं. विंडसरला नदीकाठी माणसांचा पूर लोटणार हे सगळ्यांना दिसत होतं. पीटरने आदल्याच दिवशी दुधाच्या नळाला नवा जोड बसवून घेतला होता, माल लवकर निघावा म्हणून. गाड्या काठोकाठ भरल्या होत्या. सिन्योरांनी डोळे मिटले. "मोर्बिदो."

मी चमचा तोंडात घातला. गोडी ठीक, साय ठीक. आणि मग, गिळल्यानंतर, जिभेच्या मागे काहीतरी राहिलं. मी दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. रॉनने इंजिनाला जरा जास्तच आवाज दिला.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?" पीटर म्हणाला.

"चांगलं नाही."

"निळी परीक्षा?"

"उत्तम आहे."

"खाऊन कुणी आजारी पडेल?"

"नाही."

"मग?"

"चांगलं नाही, पीटर."

रॉनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "प्रोफेसर, आज लोक गोठवलेली वीटसुद्धा चाटतील!" सगळे हसले. पीटर हसला नाही. त्याने माझ्या हातातून चमचा घेतला, भरपूर खाल्लं, आणि म्हणाला, "मला काही लागत नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याने रॉनला दिलं. रॉनलाही काही लागलं नाही. आवारात बाराजण होतो आणि ती चव मला एकट्याला येत होती. मनात आलं, वरणातलं मीठ न कळणारा मी. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार आहे. घरी बायको, लहान मुलगी.

"ममा," पीटर म्हणाला, "तू म्हणालीस ना मोर्बिदो?"

"म्हणाले."

"मग गाड्या जाऊ देत."

सिन्योरा उठल्या. "मी माझं म्हटलं. त्याने त्याचं नाही म्हटलं. तुझ्या बापाने नाही म्हटल्यावर कधी गाडी गेली होती?"

"बाबा बाबा होते!"

"आणि मी कोण आहे?" असं म्हणून त्या चालत फाटकापर्यंत गेल्या आणि फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, पायात घरातल्या सपाता. पीटरने त्यांच्याकडे पाहिलं, मग हात वर केला. एकामागून एक इंजिनं बंद पडली. इतक्या उन्हात इतकी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही.

नव्या जोडात आतून पितळ निघालं. पितळातलं तांबं लागलं की दूध असा वास धरतं. ते फिटरने शोधून काढलं पुढच्या आठवड्यात. पीटरने तो जोड आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर तो कारखाना विकेपर्यंत आम्ही बरोबर काम केलं. आज त्या जागी गोदाम आहे. पण ते पितळाचं पुढचं. त्या शनिवारी पितळाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशीचा शिल्लक माल घेऊन दोन गाड्या गेल्या, बाकीच्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही त्या दिवसाचं सगळं आइस्क्रीम मोरीत ओतायला लागलो. ते हळूहळू, जड, पांढरं वाहत होतं.

सिन्योरा बाह्या सरसावून माझ्याजवळ आल्या. ओतायच्या आधी एका डब्यातलं त्यांनी चमचाभर खाल्लं. मग आणखी एक. मग आणखी. कपाळाला आठ्या घालून त्या जिभेवर काहीतरी शोधत होत्या.

"खरंच वाईट होतं ना, दोत्तोरे?"

"हो."

"कसं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ओला पुठ्ठा. नाही, पुठ्ठा नाही. बंद पेटीत बरेच दिवस राहिलेला कागद. पावसात भिजलेलं पाकीट वाळल्यावर जसं लागेल तसं. मागे थोडा धातू, हातात नाणं धरून ठेवल्यावर हाताला वास येतो तसा. पण आधी नाही, गिळल्यानंतर.

चमचा तोंडात धरून, डोळे मिटून त्या ऐकत होत्या. मी थांबलो, तशा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "सांग. अजून सांग."